शेवटची पानं अक्काकडे

२१ डिसेंबर, शनिवार

अक्काच्या डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब! तीन बाटल्या, प्रत्येकीत पाच-पाच मिनिटांचं अंतर. सगळा दिवस बाटल्यांतच गेला. मध्ये ह्यांचा चहा. मध्ये सूनबाईंचा ऑफिसातून फोन – आई, गॅसवाला आला का? आला. गेलाही.

मी त्रेसष्टची, अक्का सत्तरची. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिचं आणि कंबर धरली माझी. बोलणार कुणाला? मीच हट्टानं तिला उदगीरहून लातूरला आणलं. तिच्या पोराला तर वेळच नव्हता. ती नको-नकोच म्हणत होती. "मला दिसतंय तेवढं बास हाय." मी म्हटलं, अक्का, पुन्हा वाचायला नको का तुला? मग तिनं पिशवी भरली.

२२ डिसेंबर

थेंब. भांडी. थेंब. वर्तमानपत्रसुद्धा उघडलं नाही.

२४ डिसेंबर

हे पेन्शनच्या मीटिंगला गेले, अक्का झोपली. अर्धा तास माझा! कपाटातलं पुस्तक काढलं. मागच्या महिन्यात नांदेडला लग्नाला गेले होते, तेव्हा रद्दीच्या गाड्यावर सापडलं. कावेरीची कादंबरी. पुठ्ठा नाही, नाव नाही, पण पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि भाव न करताच पैसे दिले. पन्नासेक वर्षं हिलाच शोधत होते. आणि हिला शेवटची पानं आहेत!

शिरूर अनंतपाळला आमच्या आईवडिलांचं, अव्वा-अप्पांचं, किराणा दुकान. रद्दी किलोवर यायची, तिच्यात पुस्तकंही असायची. अक्का गादीजवळ बसून पानं फाडायची आणि पुड्या बांधायची. ती शेवटाकडून फाडत यायची, मी सुरुवातीपासून वाचत जायचे. ती जिंकायची बहुतेक. मी नऊ-दहा वर्षांची, ती सोळा-सतराची. मी रडकुंडीला यायचे – शेवट कुठंय? "हळदीत गेला." मग सांग ना! "सांगती की. फाडताना वाचलाय मी." आणि हात चालूच ठेवून सांगायची. रहस्यकथेत खुनी हटकून मुनीम निघायचा. छळणारी सासू विहिरीत पडायची, पण मरायची नाही, हे विशेष. पुढे सूनच दोर टाकायची.

कावेरीची गोष्ट तुटली ती स्टेशनवर. नवरा दुसरी करून आणतो, कावेरी ट्रंक घेऊन माहेरी येते, माहेरचे म्हणतात परत जा. गाडी येते – आणि पुढची पानं गुळात. अक्का म्हणाली, "ती न्हाई बसली गाडीत. त्याच गावात राहिली. शिकली. मास्तरीण झाली."

त्या रात्री आनंदानं मला झोप आली नाही. दहावीनंतर अप्पांनी माझं लग्न ठरवलं तेव्हा मी उपाशी बसले होते ते कावेरीच्या जिवावर. अक्का सासरहून धावत आली आणि अप्पांसमोर उभी राहिली. "हिला शिकू द्या." चौतीस वर्षं नोकरी केली शाळेत. कितीतरी पुस्तकं वाचली पुढं, चांगली-चांगली, मोठमोठी. पण माझ्या आयुष्याला वळण दिलं ते त्या फाटक्या पुस्तकानं.

शेवट मी अजून वाचलेला नाही. डोळा बरा झाला की अक्कानंच वाचून दाखवायचा, असं ठरवलंय. तिला पुस्तक दाखवलं. हातात घेतलं, वास घेतला, परत दिलं. "ठेव. बघू पुढं."

२७ डिसेंबर, शुक्रवार

वाईट दिवस.

आठवड्याची तपासणी होती. तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, मराठी तक्ता लावू का? मी म्हटलं, लावा, आणि बारीक अक्षरंही लावा, लई वाचणारी आहे माझी बहीण! अक्कानं माझ्याकडे पाहिलं. दिवा लागला. "आजी, वरचं अक्षर सांगा." अक्का बघत राहिली. सगळ्यात मोठं अक्षर, हाताएवढं! "न्हाई दिसत."

पुन्हा विचारलं. "न्हाई."

डॉक्टरांनी आत पाहिलं. म्हणाले, ऑपरेशन तर उत्तम झालंय, बाहेरून काही दोष दिसत नाही. तरी एवढं मोठं अक्षर दिसत नसेल तर पडद्याची तपासणी करावी लागेल. आठ दिवसांनी पुन्हा या, नाहीतर हैदराबाद.

ऑटोत अक्का माझा हात धरून बसली होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. हे माझं काम! तिचा होता तो डोळाही मी घालवला.

२८ डिसेंबर

अक्काच्या मुलाचा फोन. "मावशी, कशाला नादी लागलात? बरी होती आमची आई." ऐकून घेतलं.

अक्का म्हणते, "हैदराबाद-बिद्राबाद नको. दिसतंय मला. भाकर दिसती, तू दिसतीस." मला बरं वाटावं म्हणून बोलते बिचारी. भाजीत आज मीठ दोनदा पडलं.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. अख्खं लातूर शेतात. हे आणि पोरं ओळखीच्यांच्या रानात गेली. धुळीनं डोळ्याला त्रास नको म्हणून आम्ही दोघी घरी. आंबील आणि शेंगाभाज्यांची भज्जी सूनबाई पुनम सकाळीच करून गेली, गुणी आहे पोरगी. पण घरात बसून भज्जी खाण्यात काय चव?

जेवताना अक्का एकदम म्हणाली, "तुझ्या केसात पांढरं लई झालं गं मंजे." मी म्हटलं, आठवडाभर मेंदी लावायला सवड कुठंय! आणि विषय मेंदीवरच गेला.

दुपारी राहवलं नाही. स्वयंपाकघरात पाट घेऊन बसले आणि कावेरीची शेवटची पानं वाचली.

कावेरी गाडीत बसते. मुकाट. नवऱ्याच्या घरी जाते, सवतीचं बाळंतपण करते. शेवटची ओळ – 'कावेरीने पदर खोचला आणि ती पाण्याला गेली.'

संपलं! मास्तरीण नाही, शाळा नाही, काही नाही.

राग आला. कुणाचा ते कळेना. लेखकाचा, की अक्काचा? फाडता-फाडता वाचलेलं एवढं कसं विसरेल माणूस? मी ज्या शेवटावर जन्म काढला तो पुस्तकात नव्हताच.

३१ डिसेंबर

अक्काला विचारलं नाही. डोळा गेलेल्या बाईला कादंबरीबद्दल जाब विचारायचा का आता? थेंब चारवर आलेत. माझा शीण काही कमी झाला नाही. सगळे टीव्हीवर नवीन वर्ष बघत होते. मी नऊलाच आडवी झाले.

१ जानेवारी

आज एक विचित्र झालं. अक्का खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, राहू दे, उगाच खडे राहतील. "न्हाई राहत." तिच्या बाजूला खड्यांचा छोटा ढीग. एक खडा तर तांदळाच्या कणीएवढा, रंगही तोच. मला तो चष्मा लावून सापडला नसता.

केस दिसतात. खडे दिसतात. मग हाताएवढं अक्षर का दिसत नाही?

डॉक्टरांना फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. डोक्यात भलतंच काही यायला लागलं. लग्नपत्रिका आली की, "तूच वाच, माझा चष्मा घरी राहिला." मी मेसेज टाकला की उत्तरादाखल फोन. तिच्या उदगीरच्या घरात एक पुस्तक नाही. विचारलं की म्हणायची, "डोक्यात हायेत सगळी." पत्रं तर भाच्याच्या अक्षरात यायची, खाली तिची सही. ती तेवढी ठसठशीत! आणि गोष्टीतला तो मुनीम. आमच्या दुकानातला धोंडप्पा मुनीम तिच्यावर सारखा डाफरायचा.

नाही. असं कसं होईल? मी बहीण आहे तिची. मला कळलं नसतं?

२ जानेवारी

विचारायचं धाडस होत नाही. चौतीस वर्षं मास्तरीण होते मी! दिवसभर दोघी एकमेकींना चहा करून देतोय.

३ जानेवारी

अक्काचा डोळा चांगला आहे. हैदराबादला जायचं नाही.

सकाळी थेंब घालताना डोळे मिटलेले असताना तीच बोलली. "मला अक्षर येत न्हाई, मंजे. सही येती तेवढी. तू त्या पोरीसमोर लई वाचणारी म्हणालीस, मग मी काय बोलू?"

मी म्हटलं, तू शाळेत जात होतीस ना? अव्वा सांगायची.

"तीन महिने गेले की. मग तू झालीस. अव्वा दुकानात, तुला कडेवर घ्यायला कुणी न्हवतं."

बाटली माझ्या हातातच राहिली. मग ते शेवट?

"तू रडायचीस. कायतरी सांगावं लागतंय की."

मला खूप रडू आलं, आणि मी रडले. तिनंच माझे डोळे पुसले. मग एवढंच विचारलं, कावेरीला मास्तरीणच का केलंस गं?

म्हणाली, "रोज शाळेत जायला मिळतंय की तिला."