मांजराचं नाव केरू

आये, तुझ्या मुलाने मांजर पाळलंय. होय, मीच. माशांच्या पाटीतली सुंगटं पळवणाऱ्या मांजरांच्या मागे तू हाताला लागेल ते घेऊन धावायचीस, 'शिरा पडो तुझ्या तोंडार' म्हणून सगळी वाडी जागी करायचीस, आणि आता तुझ्याच मुलाच्या घरात एक बोका पाटावर बसून बांगडा खातो. पाटावर म्हणजे खरोखर पाटावर, लाकडी, तुझ्या नातीने त्याला दिलेल्या. तिला तू पाहिलं नाहीस. दहा वर्षांची आहे, बोलायला लागली की समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवत नाही, त्यामुळे मला तुझी आठवण काढायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

तू गेल्यावर मी वाडी सोडली. इथे देवगडात बंदराजवळ होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान घातलं, मागच्या बाजूला घर. गिऱ्हाईकं मला शेट म्हणतात, बायको अहो म्हणते, दुकानाच्या पाटीवर मास्तरांनी शाळेत घातलं ते भारदस्त नाव आहे. तर गेल्या साली नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात जायची घाई सुरू झाली, आणि एकाचं पावसाळाभर कोपऱ्यात पडलेलं इंजिन मी बघायला घेतलं. ताडपत्री सोडली तर खाली जुन्या जाळ्याच्या गोळ्यात तीन पिल्लं. आई कुठे दिसेना. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, दुसऱ्या दिवशीही पाहिली, ती आलीच नाही. मग तुझ्या नातीने तिघांना खोक्यात घालून घरात आणलं, आणि दूध पाजायच्या आधी बारशाला बसली. ब्राउनी, पर्ल आणि प्रिन्स. मी म्हटलं, इंग्लंडच्या राणीकडून आलीत वाटतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने चहा प्यायलो.

आठवडाभरात ब्राउनी गेली, तिच्यामागे पर्ल. माडाच्या बुंध्याशी खड्डे मीच काढले. प्रिन्सनेही दूध सोडलं. जामसंड्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, ड्रॉपरने थेंब थेंब पाजायला सांगितलं, आणि फार आशा धरू नका असंही सांगितलं. पोरीने जेवण टाकलं. खोक्यापुढे मांडी घालून बसलेली असायची. मी जवळ गेलो तर मान वर न करता म्हणाली, "बाबा, ह्यां पण मरतलां?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, विचार न करता, की त्याला प्रिन्स म्हणू नको, आजपासून त्याचं नाव केरू.

आये, तुला तो दिवस आठवतो का? मी पाचवीत असेन. शाळेत पोरं केरसुणी दाखवून चिडवायची, म्हणून दप्तर भिरकावून मी चुलीपुढे उभा राहिलो आणि बजावलं की यापुढे घरातसुद्धा मला शाळेतल्या नावानेच हाक मारायची. तू आडाळ्यावर बांगडे कापतेयस. हात थांबत नाही. शेपटी उडते, डोकं उडतं, आतलं सगळं बाजूला. माझं सगळं रडगाणं तू ऐकून घेतेस, मग कोपराने कपाळावरचे केस मागे सारतेस आणि माझ्याकडे बघतेस. "तुझ्या आदी दोगे गेले," तू म्हणतेस, "तेंची नावां लय बरी होती. तुझां नाव बरां नाय, म्हणान तू आसस." आणि पुढचा बांगडा घेतेस. जन्मल्याबरोबर मला सुपातल्या केरावर ठेवलं होतं, शेजारणीने उचललं होतं आणि मूठभर कोंड्याच्या बदल्यात तुला परत दिलं होतं, हे मी त्याच दिवशी ऐकलं. कोणाचा तरी टाकलेला केर, त्याच्याकडे यम कशाला बघेल? मी रागाने जेवलो नाही. तुला मात्र त्या दिवशी रडू आलं नाही, याचं मला कितीतरी वर्षं नवल वाटत आलं. आता वाटत नाही. पोरगी खोक्यापुढे बसली होती ना, तेव्हा माझेही डोळे कोरडे होते, कारण भीतीने जागाच उरली नव्हती.

मग काय, करायचं तर सगळं यथासांग. मी मागचं अंगण झाडलं, फणसाची पानं, नारळाचा काथ्या, कोंबडीची पिसं, सगळा केर सुपात भरला आणि त्यावर पिल्लू ठेवलं. बायको दारात कमरेवर हात देऊन उभी. इंजिनाचा नट बदलताना दहा वेळा माप घेणारा माणूस हे काय करतोय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. शेजारणीला हाक मारली. ती बाजारात मासे विकते, तुझ्यासारखीच दणदणीत. आधी हसून हसून खाली बसली, पण एकदा काम अंगावर घेतल्यावर नाटक असं केलं की काय सांगू. केरात काहीतरी गावलंय, कोणाचं आहे, कोणाला नको असेल तर मी नेते, असं सगळ्या आळीला ओरडून विचारलं. मग पिल्लू वर धरून पोरीला म्हणाली, "घेतंस गो?" कोंडा कुठून आणायचा? पोरगी आत धावली आणि मूठभर सुकी सुंगटं घेऊन आली. सौदा झाला. कितीतरी दिवसांनी ती हसली, आणि त्या दिवशी दोन वेळा भात मागून घेतला.

बायको म्हणते, मांजर औषधाने जगलं. असेल. मी कुठे नाही म्हणतोय? ड्रॉपर तर दर दोन तासांनी मीच भरत होतो. पण जगलं आये, आणि कसं जगलं! आता अंगाने माझ्या दुकानातल्या तेलाच्या डब्याएवढा झालाय. तव्यावरची सुरमई पळवतो, माझ्या खुर्चीत झोपतो, गिऱ्हाइकांवर गुरगुरतो. दिवसभर घरात त्याच्या नावाचा जप चाललेला असतो. केरू लबाड आहे, केरू आळशी आहे, त्या केरूला जरा शिस्त लावा हो. मी खाली मान घालून स्पॅनर पुसत बसतो आणि आतल्या आत हसून पोट दुखतं. असलं नाव कुठून काढलंत, असं बायकोने विचारलं होतं. म्हटलं, असंच, सुचलं. तू गेल्यानंतर त्या नावाने मला कोणीही हाक मारलेली नाही, तिला ठाऊक कसं असणार?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा राहील इथेच. फक्त एक सांगून ठेवतो. काल तिन्हीसांजेला मी दुकानात इंजिनात डोकं घालून बसलो होतो. मागच्या दारातून पोरीने खणखणीत हाक दिली, "केरू, जेवूक ये रे." आणि मी हातातलं टाकून उठलो, मोठ्याने म्हणालो, "येतंय गो आये." ती खो खो हसत दारात आली. "बाबा, तुका नाय, मांजराक बोलवतंय." मी होय म्हटलं, हात धुतले, आणि तरी गेलो.