घेण्यास नकार

मी, यज्ञेश्वर दत्तात्रेय पागनीस, वय वर्षे एकाहत्तर, राहणार नानाखेडा, उज्जैन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळीच मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पूर्ण सोडवलं, पत्नी कल्पना हिला विचारावे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. कल्पनाचा थोडा आहे, पण तो एवढाच की लवकर आटपा, पोहे थंड होतात.

चौतीस वर्षं मी कोर्टाचे समन्स घरोघर पोचवले. ज्याच्यावर दावा लागला त्याच्या दारात जायचं, अमुक तारखेला हजर व्हा असा कागद हातात द्यायचा आणि सही घ्यायची. लोकांना वाटायचं, कागद घेतला म्हणजे गुन्हा कबूल केला आणि नाही घेतला तर केसच होत नाही. दोन्ही खोटं. कोणी कागद नाकारला की मी त्यावर ‘लेने से इन्कार किया’ असा शेरा मारायचो. कोर्ट तो कागद पोचला असंच धरायचं आणि माणूस तारखेला गेला नाही तर निकाल एकतर्फी लागायचा. हे मी हजारो दारांत सांगितलं असेल. ऐकणारे थोडे निघाले.

कलम १. घराचा वरचा मजला आणि बँकेतली शिल्लक पत्नी कल्पना हिला. तिच्यानंतर वरचा मजला मुलगा अनिकेत याला. अनिकेत, आईपुढे सहीसाठी कुठलाही कागद ठेवशील तेव्हा आधी तिचा चष्मा शोधून दे. ती तो कुठेही ठेवते.

कलम २. माझी सायकल आणि समन्सची कातडी पिशवी अनिकेतला. त्याला इंदूरला दोन्हीचा काही उपयोग नाही हे मला माहीत आहे. तरी त्यालाच.

कलम ३. शेजारी भय्यासाहेब यांना मी काहीही ठेवत नाही. याचं कारण राग नाही. त्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचं आहे, आणि ज्याला मिळायचं तोच साक्षीला बसला तर उद्या कोणीही शंका काढतं. राग होता तो जुना. १९९४ साली टावर चौकातल्या त्यांच्या भाड्याच्या दुकानावर मालकाने दावा लावला, तेव्हा मी तीनदा कागद घेऊन गेलो. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच खिडकीतून सांगितलं, “भय्यासाहब घर पे नहीं हैं।” मी विचारलं, “कब आएँगे?” तर म्हणाले, “मुझे बता के नहीं गए।” दुकान एकतर्फी गेलं. तीस दिवसांत सबळ कारण दाखवून अर्ज केला तर असा निकाल फिरवून घेता येतो, हे मी त्यांना त्यांच्या कंपाउंडवरून ओरडून सांगितलं. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि मी इथे त्यांच्या शेजारी राहायला येईपर्यंत अकरा वर्षं माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही दुकान मीच खाल्लं. आता आम्ही रोज सकाळी बरोबर फिरायला जातो. माफ केलं आहे, अशी इथे नोंद करतो.

कलम ४. कायद्याची माझी पुस्तकं कॉलनीच्या वाचनालयाला. पहिल्या पानावर एवढं लिहून चिकटवावं: वकील परवडत नाही म्हणून घरी बसू नका. कोर्टात विधिक सेवेचं कार्यालय असतं, तिथे बायकांना वकील फुकट मिळतो आणि त्यासाठी घरात कमाई किती हे बघत नाहीत.

कलम ५. तळमजला, पुढच्या अंगणासह, माझी धाकटी बहीण सुलोचना हिला.

सुलू दर भाऊबीजेला येते. ओवाळते, जेवते, कल्पनाशी पोटभर गप्पा मारते, आणि मी ताटात घातलेली ओवाळणी मात्र उचलत नाही. एकवीस वर्षं झाली. ताट खाली ठेवते आणि पदराला हात पुसते.

आमची आई आधीच गेली होती. १९९६ साली वडील मृत्युपत्र न करता गेले. देवास गेटजवळचं त्यांनी बांधलेलं घर आम्हा दोघांचं निम्मं निम्मं झालं, कारण लग्न झालेल्या मुलीचाही वाटा मुलाइतकाच असतो. मला हे पाठ होतं. सुलूला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. ती राखीला आली तेव्हा तिला रजिस्ट्रार कार्यालयात नेलं आणि म्हटलं, घर माझ्या नावावर चढवायचा कागद आहे. कागद हक्कत्यागाचा होता. तिथल्या बाबूने तिला विचारलं, “बहनजी, पढ़ लिया?” ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, “जी, पढ़ लिया।” तिने सही केली. जगाला न वाचता सही करू नका म्हणून सांगणारा तो मीच.

२००४ साली सुलूचे यजमान गेले. तिने विचारलं, “दादा, बाबांच्या घरात एखादी खोली तर माझी असेलच ना?” तेव्हा मी तिला कागद दाखवला. तो तिने उभ्या उभ्या पहिल्यांदा वाचला, घडी केली आणि परत दिला. पुढच्या वर्षी ते घर विकून मी हे नानाखेड्याचं बांधलं. ती अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि शिकवण्या घेते.

अनिकेत म्हणतो, “बाबा, आत्याने सही तर स्वतः केली होती.” केली होती. फसवून घेतलेली सही कोर्टातून रद्द करून घेता येते, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. सुलूने लावला असता तर मी हरलो असतो आणि माझाच एखादा सोबती माझ्या दारात समन्स घेऊन उभा राहिला असता. तिने लावला नाही. भावावर समन्स कसा काढू, एवढंच ती कल्पनाला म्हणाली. मला याची लाज वाटते आणि ती मी इथे लिहून ठेवतो. अनिकेतने यावर वाद काढू नये. काढलाच, तर सुलूचा समन्स मुकाट्याने घ्यावा.

अडचण एकच आहे. मृत्युपत्राने दिलेलं कोणी नाकारलं तर ते खरंच नाकारलं जातं, कोर्टही घ्यायला लावू शकत नाही. म्हणून सही करण्याआधी हा मसुदा मी सुलूकडे पाठवत आहे. ती नाही म्हणेल या धास्तीने चार दिवस झोप नाही.

कलम ६. (सहीच्या दिवशी लिहिलेले.) आज सुलू मसुदा घेऊन आली. भय्यासाहेब आणि कोपऱ्यावरच्या घरातले आल्हाद साक्षीसाठी येऊन बसले होते. तिने सगळं पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. भय्यासाहेबांच्या कलमाला इतकी हसली की ओशाळून त्यांना पाणी प्यावं लागलं. पाचव्या कलमाला आवाज बारीक झाला, पण थांबली नाही. संपल्यावर म्हणाली, “दादा, पाचवं खोडून टाक.”

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. म्हटलं, “सुलू, घे ना ग. नको म्हणू नको.”

“नको कोण म्हणतंय? माझंच आहे, नको कशाला म्हणू?”

“मग खोडायचं का?”

“तू मेल्यावर मिळणार असं लिहिलंयस ना. मग मी रोज सकाळी उठून काय करू, तुझ्या मरायची वाट बघू? मला नाही जमणार ते, बिलकुल नाही. द्यायचं असेल तर जिवंतपणी दे. नाहीतर राहू दे.”

मला रडू आलं आणि ते मी कोणापासून लपवलं नाही. आल्हाद उगाच पंख्याकडे बघत बसले.

सबब कलम ५ रद्द. खोडलेल्या मजकुराशेजारी समासात मी व दोन्ही साक्षीदारांनी सह्या केल्या आहेत, कारण सह्यांवाचून खोडाखोड धरत नाहीत. पाने नव्याने लिहिली नाहीत, जे केलं ते वाचता यावं म्हणून. तळमजला उद्या, सोमवारी, रजिस्टर्ड कागदाने सुलूच्या नावे होईल. त्या कागदाला कायद्यात दानपत्र म्हणतात. तो शब्द तिला पसंत नाही आणि मलाही नाही, पण दुसरा नाही.

आम्ही सह्या करत असताना सुलू इथे थांबलेली नाही. कल्पनाकडून टेप मागून घेऊन ती खाली गेली आहे आणि पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेते आहे.

मृत्युपत्र करणार: यज्ञेश्वर दत्तात्रेय पागनीस (सही)

पागनीस यांनी आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यादेखत:
१. भय्यासाहेब फणसे (सही)
२. आल्हाद मोघे (सही)

ठिकाण: नानाखेडा, उज्जैन
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५