गेटजवळचा मारुती

१ जून १९९८, सोमवार. सकाळी ६
आजपासून सोसायटीच्या चिटणीसपदाचा खरा उपयोग. तळमजल्यावरच्या 'गारवा' परमिट रूमचा मालक हिंदुराव शेजारचा गाळाही बारमध्ये घेणार आहे. म्हणे फॅमिली सेक्शन. त्या गाळ्यात मंदाची बालवाडी आहे, आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी सुरू केलेली. गाळा हिंदुरावचाच. जमीन त्यांची होती, बिल्डरने बदल्यात गाळे दिले. बार वाढवायची सरकारी परवानगी मिळाली की बालवाडी रस्त्यावर. मंदाला म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे. ती चहा ठेवायला आत गेली. विश्वास दाखवायची तिची पद्धत.

४ जून
बालवाडीच्या वाळूत बाटलीची काच. एका मुलीच्या पायाला टाके पडले. मंदा संध्याकाळपर्यंत वाळू चाळत होती. माझं डोकं फिरलं. तडक बारमध्ये जाऊन जाब विचारणार होतो, पण आत गर्दी होती.

६ जून, शनिवार
तोडगा सापडला. देवळाजवळ बारला परवानगी देत नाहीत, असं बँकेतल्या जुन्या मित्राकडून कळलं. आपल्या गेटजवळ चिंचेखाली शेंदूर फासलेला दगड आहेच. मारुती. इतकी वर्षं कोणाचं लक्ष नाही. सकाळी तेल, रुईच्या पानांची माळ, आरती. मंदाने विचारलं, मारुतीच कशावरून? शेंदूर आहे, गेटवर बसलाय, आणखी कोण असणार? आम्ही मूळचे कसब्यातले. आम्हाला देव शिकवू नयेत.
तिचं म्हणणं, जागा पाहायला एक्साइजचे साहेब येतील तेव्हा मुलांच्या आयांना बोलवू. काच दाखवू, सगळ्या मिळून सांगू. मी म्हटलं, गर्दीने कामं बिघडतात.

१३ जून, शनिवार
शत्रूच्या गोटात घबराट. हिंदुरावची आई बायडाबाई स्वतः येऊन दगडाच्या पाया पडली. डोळ्यांत पाणी. मला म्हणाली, लई पुण्य लागंल तुम्हास्नी, आमच्या पोरांना देवाकडं बघाया येळच न्हाई. मी नुसती मान हलवली. मनात खोट असली की माणूस असा हळवा होतो.

१७ जून
हिंदुरावने दगडाभोवती चौथरा बांधायला सिमेंट पाठवलं. वर टाकायला पत्रा पण. सरळसरळ मांडवलीचा प्रयत्न. सिमेंट घेतलं. तत्त्व सोडलं नाही.
चौथरा छान झालाय.

२२ जून
सकाळी दहा वाजता बालवाडीच्या पायरीवर एक जण आडवा. हलेना. मंदाने एकेका मुलाला उचलून त्याच्यावरून पलीकडे नेलं. मी गॅलरीतून लक्ष ठेवून होतो. दुपारी तिघा पालकांनी मुलांची नावं काढली. मंदा म्हणाली, अहो, आता तरी काहीतरी करा. करतोच आहे. रोज दोनदा आरती.

२८ जून, रविवार
परवा साहेब येणार. मंदाने सगळ्या आयांना अकराला बोलावलंय, हे आज मला बाहेरून कळलं. मी परस्पर फोन करून सगळ्यांना नको म्हणून सांगितलं. देवाचं काम असताना आरडाओरडा बरा नव्हे. मंदाला नंतर सांगेन.
परवासाठी सोवळं धुऊन वाळत घातलं.

३० जून, मंगळवार
साहेब आले. मी सोवळ्यात. साहेबांनी चौथऱ्यासमोर चपला काढल्या, तेव्हाच मी मनात जिंकलो होतो.
त्यांनी विचारलं, देऊळ कोणाचं? मी म्हटलं, समस्त रहिवाशांचं, जागृत मारुती. मागून हिंदुराव पुढे आला. म्हणाला, मारुती न्हवं साहेब, ह्यो आमचा म्हसोबा. आज्याच्या आज्यापासनं शिवंवर हाय. आखाडात ह्याला बकरं आन् बाटली लागती. पिशवीतून बाटली काढून त्याने थोडी दगडावर ओतली. माझ्या रुईच्या माळेवरून ओघळ खाली आला.
साहेबांनी विचारलं, म्हणजे देवाची हरकत नाही? हिंदुराव म्हणाला, त्याला सोयीचंच हाय की. सगळे हसले. त्या गडबडीत मीही हसलो.
मग साहेबांनी विचारलं, आणखी कोणाची हरकत? मंदाने गेटकडे पाहिलं. गेटवर कोणी नव्हतं. ती एकटीच पुढे झाली. काच, टाके, पायरीवरचा माणूस, सगळं सांगितलं. आवाज बारीक झाला होता. साहेब शांतपणे म्हणाले, बाई, बाकीचे पालक कुठे आहेत? त्यांची काही तक्रार नाही का?
तिने एकदम माझ्याकडे पाहिलं. मी सोवळं सावरलं.

१ जुलै
एका आईने मंदाला माझ्या फोनचं सांगितलं. मी हेतू समजावून सांगितला. हेतू शुद्ध होता.

१४ जुलै, मंगळवार. संध्याकाळी ७
फॅमिली सेक्शन आज सुरू झालं. आखाडाचं जेवणही आजच. चिंचेखाली ही रांग. चौथरा ऐसपैस झाल्यामुळे सोय झाली, असं हिंदुराव चारचौघांत म्हणाला. माझं नाव घेऊन.
बालवाडीच्या छोट्या खुर्च्या आमच्या हॉलमध्ये, एकावर एक. मंदा दुपारभर त्या पुसत होती. मी म्हटलं, हॉलमध्ये भरवू बालवाडी, मी शिस्त लावेन. ती म्हणाली, मुलं कुठून आणू?
आत्ता बायडाबाईंकडून पुजाऱ्याचा मान आला. मटणाचा डबा आणि क्वार्टर. परत पाठवणार होतो. मंदा म्हणाली, घ्या की, तुमची कमाई आहे. स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. आत रडते आहे. खालचं म्युझिक थांबलं की ऐकू येतं.
सोफ्यावर मुलांच्या पाट्या आणि खेळणी आहेत, म्हणून एका छोट्या खुर्चीवर बसून लिहितोय. गुडघे हनुवटीला लागतात. डबा समोरच्या खुर्चीवर.
बायडाबाईंचा निरोपही आहे, एकदा धरलेली पूजा सोडू नका, देव कोपतो. तेल संपलंय. उद्या आणतो.