ब्रॉनच्या बोटाचा ठिपका

मी, ग्लेनिस टॅरंट, वय एकोणसत्तर, राहणार थॉर्नली, सिडनी, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला घरात उरलंय कोण? यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर माझी बहीण डोरीन हिला. व्हरांड्याचा कठडा काकाकुव्यांनी कुरतडला आहे, तो तिने तसाच पदरात घ्यावा.

२. बँकेत असेल त्यातून माझा अंत्यविधी उरकावा, उरलं तर तेही डोरीनला. "आता ती लेकीजवळ गेली" असं कोणी बोलू नये. मी कुठेही जात नाही, फक्त संपते आहे.

३. मागच्या शेडमधलं तंतू ओढायचं यंत्र. काही काचतंतूंत प्रकाशाला एकच चाल, म्हणजे पुढे सरकायची एकच तऱ्हा, जमते, काहींत अनेक. असे दोन तंतू शेजारी धरून, ज्योतीवर तापवून, हलक्या हाताने ओढत एकजीव करायचे. जमलं तर एकातला प्रकाश दुसऱ्यातल्या हव्या त्या चालीत उतरतो. नाही जमलं तर वाटेत सांडतो. डोंगरावरच्या दुर्बिणीसाठी असे जोड आम्ही नवराबायकोने जन्मभर केले. आता हे काम लेझर करतो. विद्यापीठाने यंत्र फुकटसुद्धा नको म्हटलं. भंगारात द्यावं.

४. डेस्मंड टॅरंट, कागदोपत्री अजूनही माझा नवरा, याला वरीलपैकी काहीही मिळू नये. कारण लिहिते.

तंतू ज्योतीवर धरण्याआधी त्याला उघडं बोट लागलं, तर बोटाचं तेल जळून काचेवर बसतं. मग तंतूत तांबडा प्रकाश सोडला की तेवढा ठिपका दिव्यासारखा पेटतो. आमची मुलगी ब्रॉन आमच्याहून सुरेख जोड करायची. एकदाच तिचं बोट लागलं.

"बोट लावलंस ना? हे बघ, इथे पेटलंय!" डेस ओरडला.

"बाबा, एवढ्याशा ठिपक्यानं काय होतंय?"

"दुर्बिणीला कळतं. फेक तो. नवीन कर."

"सगळं नवीनच लागतं तुम्हाला. मग मुलगी पण नवीन आणा!" ती हसत म्हणाली, आणि पुन्हा ज्योतीपाशी बसली.

तो जोड चालवून घेतला असता तर ती आदल्याच दिवशी डोंगरावर जाऊन आली असती. नवीन घेऊन निघाली, आणि डोंगराखालच्या कूनाबाराब्रन गावाच्या अलीकडे तिन्हीसांजेला कांगारू आडवा आला. गाडी झाडावर गेली. कांगारू काही डेसने पाठवला नव्हता, एवढं मला कळतं. तरी मी त्याला घराबाहेर काढलं आणि पुन्हा त्याच्याशी बोलले नाही.

५. फेकायला सांगितलेला तो जोड मी फेकला नाही. काचेच्या नळीत घालून दोन्ही तोंडं राळेने बंद केली. संध्याकाळी तांबडा प्रकाश सोडायचा, तिचा ठिपका पेटलेला बघायचा आणि मग जेवायचं, असा माझा दिवस संपत असे.

गेल्या हिवाळ्यात राळ तडकली आणि आत धूळ शिरली. आता तीन ठिपके पेटतात. दोन धुळीचे, एक माझ्या लेकीचा, आणि तो कोणता हे मला ओळखता येत नाही. इतकी वर्षं डोळे भरून पाहिलं, पण जागा काही ध्यानात ठेवली नाही. तेव्हा एकच तर होता.

डेसला जागा ठाऊक असणार. दुसऱ्याची चूक तो मरेपर्यंत विसरत नाही. त्याला फोन करायचा मी कितीदा ठरवलं. पण नंबर लावायला घेतला की "नवीन कर" ऐकू येतं आणि मी फोन खाली ठेवते. आता डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. तरीही माझ्याच्याने होत नाही.

म्हणून हा जोड, नळीसकट, डेसला. त्याने डोरीनसमोर तांबडा प्रकाश सोडावा आणि ब्रॉनचा ठिपका कोणता ते मोठ्याने सांगावं. ऐकायला मी नसेन.

दाखवताना त्याने बोट लावू नये.

सही: ग्लेनिस टॅरंट

साक्षीदार: नोएलीन पॅजेट, शेजारीण, व्हिक्टर झमिट, औषध दुकानदार. दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. डोरीनला घर मिळायचं असल्यामुळे तिची सही चालत नाही. ती स्वयंपाकघरात रडत बसली आहे.

थॉर्नली, सिडनी
११ ऑक्टोबर २०२३