फाटक्या कोपऱ्याचं पत्र

दारव्हा, मंगळवार, फेब्रुवारी १९६३

शाळेत शिकवून घरी आले तर माय उंबऱ्याबाहेर बसलेली, पुढ्यात काँगोहून आलेलं नामाचं पत्र. तिला वाचता येत नाही. पण कोपरा फाटलेला दिसला! मरणाची खबर असली की पत्राचा कोपरा फाडतात, ते घरात नेत नाहीत. आम्ही बौद्ध झालो, जुनं सगळं सोडलं. मग मीसुद्धा ते बाहेरच उभं राहून का वाचलं?

अक्षर नामाचंच. धाकटा भाऊ माझा, सुखरूप आहे! तिथली आपसातली लढाई थांबलीय, युनोच्या शांतिसेनेत गेलेली त्याची पलटण पुलावर पहारा देते. एका बाईला हरवलेलं लेकरू शोधायला पलीकडे जायचं होतं. पलीकडच्या शिपायासाठी चिठ्ठी हवी, जवळ दुसरा कागद नाही, म्हणून या गाढवानं अर्धवट लिहिलेल्या पत्राचाच कोपरा फाडला. एवढीही अक्कल नसावी? रागानं रडले, मग हसत सुटले.

माय हसली नाही. पत्र घेऊन आत गेली, फाटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवत म्हणाली, "त्याले लिहून इचार, त्या बाईले तिचं लेकरू भेटलं का?"