विहिरीतली गारगोटी आणि माझा अर्धा हिस्सा

मी, गोरक्षनाथ कानिफनाथ वाळुंज, वय ६१, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, राहणार देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा अहमदनगर, माझ्यामागे भांडणे होऊ नयेत म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टर म्हणतात. बायकोचे मत वेगळे आहे.

एक. राहते घर पत्नी केशरबाई हिला. माझ्या नाजूक तराजूवर तिने मसाला मोजू नये.

दोन. नालाच्या आकाराचे चुंबक शाळेला. घड्याळाजवळ नेऊ नये. माझे एकदा नेले, तेव्हापासून सव्वादहावर थांबले आहे.

तीन. विहीर. ती अर्धी माझी, अर्धी थोरले बंधू श्रीमंतअण्णाची. १९६६ साली गावच्या सुरुंगवाल्या सहादेवने सुरुंग लावून ती खोल केली, तेव्हा काळ्या पाषाणात चकचकीत गारगोट्या निघाल्या. झिओलाइट जातीच्या या दगडाला आतून डोळ्यांना न दिसणारी भोके असतात आणि त्यांतून पाण्याचे रेणू फिरतात. ते किती वेगाने फिरतात, हे मुंबईच्या मोठ्या चुंबकाच्या यंत्रात मोजून पन्नाशीत प्रबंध लिहायचा माझा हट्ट. कपारीत राहिलेली एक गारगोटी मी महिन्याने काढून नेली. तिचे स्वतःचे पाणी जाऊ नये म्हणून धुतली नाही, तापवली नाही.

यंत्राने पाण्याखेरीज भलत्याच खुणा दाखवल्या. वर्षभर मी त्याला 'देवळालीचे नवे पाणी' म्हणत मिरवलो. शेवटी आमचे मार्गदर्शक म्हणाले, "वाळुंज, ही दारू आहे." सगळी प्रयोगशाळा हसली. प्रबंध तिथेच बुडाला.

कपारीत पाहिले, तर बाटलीच्या काचा. तिथे बाटली लपवणारा अण्णाच! भजनात टाळ वाजवतो आणि विचारले की मान खाली घालतो. तेव्हापासून आमचे बोलणे बंद. सबब, त्याने चारचौघांत कबुली दिल्यास माझा हिस्सा त्याला. न दिल्यास विहीर गावाला खुली, म्हणजे रोज पहाटे शंभर हंडे त्याच्या दारात वाजतील.

पुरवणी. वरील मजकूर ओट्यावर सर्वांना वाचून दाखवला, तेव्हा साक्षीला आलेली अण्णाची बायको कडूबाई रडू लागली. "भावजी, ह्यांच्यावर आळ घिऊ नका. बाटली माजी हुती. दाढ लई ठणकायची, म्हून चूळ भरायची. ती फुटली कपारीत. ह्यांना ठावं हाय, पर माजी लाज जाईल म्हून बोलले न्हाईत."

माझ्या भावाने बायकोसाठी पाच वर्षे माझ्या शिव्या खाल्ल्या. मला फार वाईट वाटते. कलम तीनमधील अट रद्द. माझा हिस्सा बिनशर्त अण्णाला. गारगोटी कडूबाईला, दाढ ठणकल्यास हुंगावी.

साक्षीदार: सहादेव (सही), कडूबाई (अंगठा).
देवळाली प्रवरा, ता. १९ नोव्हेंबर १९७२.
सही: गो. का. वाळुंज

ता. क. सही करताना अण्णा म्हणाला, "गोरख, च्या टाकाया सांग." सांगितला आहे.