तीन सूत

केडगाव, मंगळवार, संध्याकाळ

बटण दाबलं की छत मिटून डिकीत जातं, परत येतं आणि पुढच्या काचेच्या जरा अलीकडे थांबतं. फटीत माझी करंगळी जाते. आज किती वेळा घालून पाहिली!

चूक कुणाची? आमच्या दोन सीटच्या गाडीचं हे घडीचं पत्र्याचं छत, दोन वर्षांचं काम. पुढची कड घासत होती, म्हणून फोनवर साहेबराव मिस्त्रींना म्हटलं, "तीन कमी करा." माझ्या डोक्यात मिलिमीटर. त्यांनी तीन सूत कापलं, म्हणजे जवळजवळ सेंटिमीटर.

"मॅडम, तुमीच तीन म्हनल्या," ते म्हणाले. "तीन म्हंजी सूतच की."

उद्या सकाळी पुण्याची माणसं गाडी बघायला येणार. तुकडा परत जोडावा, तर वेल्डिंगने पत्रा ओढला जातो. नवीन कड करायला महिना. आणि ती करंगळीएवढी फट...

निघताना मिस्त्रींनी कापलेली पट्टी फडक्यातून काढून हातात दिली. कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या.

"लागंल म्हनून ठिवली."

घरी येऊन पट्टी मोजली. या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंदी तीन सूत, केसाचाही फरक नाही.